आओ जी, बैठो म्हणणारा टुई

अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हाच संपादक म्हणाले, "मॅडम, बिबट्या येऊ द्या हां. वाचकांना बिबट्या लागतो." वनखात्यात नोकरी केली म्हणजे बिबट्या रोज माझ्याकडं चहाला येत असणार, असं लोकांना वाटतं. बिबट्या मी पाहिलाय. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, दोघंही आपापल्या वाटेनं गेलो. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? माझ्या जिवाला खरा घोर लावला तो एका पोपटानं. शेपटी सोडली तर मुठीत मावेल एवढा. त्याच्यावरच लिहिते. नाय छापलं तरी चालेल.

वनरक्षक म्हणून लागले, वनपाल होऊन गेल्या वर्षी घरी बसले. दौलताबाद मागं टाकून वर डोंगरात शिरलं की माझा इलाका सुरू व्हायचा. गस्त घालायची, वणवा लागला की झोडपून विझवायचा, कुऱ्हाडवाल्यांशी भांडायचं आणि उरलेल्या वेळात शहरातले फोन घ्यायचे. एकदा क्रांती चौकाजवळून एका गृहस्थांचा फोन आला, "आमच्या गॅलरीत दुर्मिळ पोपट आलाय, टीम पाठवा." मी विचारलं, "लाल चोच, गळ्यात काळी रेघ आणि पेरूची नासाडी चाललीय?" म्हणाले, "अगदी बरोबर! कसं ओळखलंत?" म्हटलं, "मग पोपट दुर्मिळ नाय, आता तुमचा पेरू दुर्मिळ होईल." त्यांनी फोन आपटला.

मी सांगतेय तो पोपट गॅलरीत येत नाय. त्याला आमच्याकडं टुई म्हणतात, त्याच्या आवाजावरून. टुईला डोंगराचा उतार लागतो, सालई-मोह-पळसाचं विरळ रान लागतं, पायथ्याला ज्वारीचा एखादा तुकडा लागतो. आणि म्हातारं झाड लागतं. स्वतः ढोली कोरायचे कष्ट तो फारसे घेत नाय. सुतारपक्ष्यानं कोरून सोडलेली बघतो, तिचं तोंड कुरतडून रुंद करतो आणि संसार मांडतो. म्हणून वाळकं झाड तोडायला आलेल्या माणसाशी मी जेवढी भांडले, तेवढी घरात नवऱ्याशीही भांडले नाही.

तो दिसायच्या आधी ऐकू येतो. टुई? असा. शेवट वर चढलेला, काहीतरी विचारल्यासारखा. गावातले पोपट किंचाळतात, हा विचारतो. लगेच दुसऱ्या फांदीवरून उत्तर येतं, टुई. असं सारखं विचारत-सांगत थवा झाडांच्या शेंड्यांतून सुसाट जातो आणि सगळे एकदमच वळतात. ज्यानं उत्तर दिलं नाय तो मागं राहतो, आणि मागं राहिलेल्यावर शिकरा टपलेलाच असतो.

नराचं डोकं पिकत आलेल्या जांभळाच्या रंगाचं. मादीचं राखाडी, खाली पिवळसर पट्टी. घरात तिचंच चालतं. नर बिचारा मान लववत, एकेक पाऊल सरकत जवळ जातो आणि तिनं चोच उगारली की तितकाच मागं येतो. थंडी सरताना अंडी घालून ती ढोलीत बसते, हा बाहेरून घास आणून भरवतो.

आता गंमत ऐका. आपल्या लोकांनी या दोघांना राघू-मैना करून टाकलंय. लाल डोक्याचा राघू, राखाडी ती मैना. खरी मैना वेगळाच पक्षी, पण ऐकतो कोण? पिल्लं चोरून विकणारे याचाच फायदा घेतात. कारण टुईचं पोर नर असो की मादी, पहिली दोनेक वर्षं डोकं असंच फिकं. मग विकणारा गिऱ्हाईक बघून सांगतो, ही मैना बरं का, गरीब असते, चावत नाय.

रशीदा खाला अशाच फसल्या. त्यांचं जुन्या शहरात एका गल्लीत रजया-गाद्यांचं दुकान. एका उन्हाळ्यात त्या आमच्या ऑफिसात आल्या, हातात ओढणीनं झाकलेलं काहीतरी. मला वाटलं डबा असेल. टेबलावर ठेवून ओढणी काढली तर पिंजरा!

"मैडम, मेरेकू फसाए," खाला तावातावानं म्हणाल्या. "मैना बोलके दिए, राघू निकला. मुन्नी नाम रखी मैं. अब इसका सर देखो, लाल होरा!"

हसावं का डोक्याला हात लावावा, मला कळेना. पिंजऱ्यात पोपट ठेवणं हाच गुन्हा आहे हे बाईंच्या गावीही नव्हतं. विकणाऱ्याची तक्रार घेऊन त्या आपल्या पायांनी वनखात्यात चालत आल्या होत्या. मी उभी राहून, आवाज चढवून त्यांना कायदा समजवायला लागले. तर पिंजऱ्यातून मुन्नीनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि स्वच्छ म्हणाला, "आओ जी, बैठो."

अगदी खालांचा आवाज. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्या तसं म्हणायच्या, ते ऐकून ऐकून यानं उचललेलं. मी खरंच बसले. कायदा निम्मा राहिला.

खालांना समजलं की मुन्नी आता परत घरी येणार नाय, तेव्हा त्यांचा सगळा ताव गेला. पिंजऱ्याच्या तारेवर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "जंगल में जिंदा रहेगा?"

"राहील," मी म्हटलं.

"जबान दिए आप?"

"दिली."

कशाच्या जोरावर दिली, देव जाणे. समोर बाई रडतेय म्हणून तोंडातून गेलं. त्या दिवसापासून माझ्या मागं घोर लागला. घरात मला सगळे धास्तीबाई म्हणतात ते काही उगीच नाय.

मुन्नीची पिसं कातरलेली होती. उडायचं म्हणजे आधी ती झडून नवी यायला हवीत. डॉक्टरांनी तपासलं, कोर्टाची परवानगी झाली आणि रानाच्या कडेला आमच्या रोपवाटिकेत एक मोठा जाळीचा पिंजरा उभा केला. माझा नियम एकच, पिंजऱ्याजवळ कुणी चकार शब्द बोलायचा नाही. पाणी ठेवा, उंबरं ठेवा, पळसाच्या फांद्या टांगा आणि मुकाट्यानं निघून या. मुन्नी मात्र प्रत्येकाला बोलावायचा. आओ जी, बैठो. कुणी बसायचं नाही. मग पुन्हा, जरा हळू. आओ जी. मी पाठ फिरवून निघून जायची.

जवळच्या सालईवर रानातला थवा उतरायचा. टुई? टुई? हा नुसता ऐकत राहायचा. एकदा उत्तर दिलं तेही "बैठो". थवा भुर्रकन उडाला.

खालांचा रोज फोन. "खाया क्या? पंख आए क्या? कौवे तो नै सताते?" एकदा शहरात काम होतं म्हणून मी त्यांच्या दुकानावर गेले. गिऱ्हाईक आलं तर खालांनी काय पाहिजे तेवढं विचारलं, "क्या होना?" पुढचं आलं, त्यालाही "क्या होना?" मी म्हटलं, "खाला, आता आओ जी नाय म्हणत का?" त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "वो बोलती थी मैं, तो पीछे से वो भी बोलता था. अब बोली तो कान पीछे जाता. नक्को." मागच्या खिळ्यावर काही नव्हतं, पण भिंतीवर पिंजऱ्याचा डाग तसाच होता.

पिसं आली. पावसाळा सरता सरता मुन्नी जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला लागला. आणि एका सकाळी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सालईवरून टुई? आणि पिंजऱ्यातून, जरा घोगरं, पण टुई. मी तिथंच मातीत बसले. दिवाळी झाल्यावर दार उघडून ठेवलं. सोडायची आमची रीत अशीच असते. हाकलायचं नाही, दार उघडं ठेवायचं आणि आत-बाहेर खाणं ठेवायचं. दोन-चार दिवस तो आत-बाहेर करत राहिला आणि मग थव्याबरोबर गेला. खूण म्हणून पायात वळं घाला असं कुणीतरी सुचवलं होतं. सालीत वळं अडकून पाय मोडलेला राघू मी पाहिलाय, म्हणून मीच नको म्हटलं.

खालांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आपकी जबान है मैडम, याद रखना."

थंडीत ज्वारी भरली. रानाला लागून गणपतरावांचं शेत. ते माळ्यावर बसून गोफण फिरवत राखण करतात. माणूस खमक्या, पण त्या दिवशी मला शोधत रोपवाटिकेत आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक इचारू? हसायचं नाय."

"विचारा."

"मी गोफणीत धोंडा घातला, हात वर नेला, तर डोक्यावरून बाईमाणसाचा आवाज, आओ जी, बैठो. वर पाहतो तं कुनीच नाय. हातातला धोंडा हातातच राह्यला हो! मग दिसला. लाल डोक्याचा. माळ्याच्या खांबावरून सरकत सरकत पार माझ्या पागोट्यापर्यंत आला की!"

ते हसायला लागले. मला मात्र पुढचं दिसायला लागलं. मुन्नी थव्यात राहत होता, खात होता, उडत होता, सगळं शिकला होता. माणसाला भ्यायचंच तेवढं शिकला नव्हता. आज गणपतराव होते, उद्या दुसरा कुणी असेल.

तो दुसरा कुणी आलाच. आठवडाही गेला नसेल, गस्तीत उंबराच्या फांद्यांवर मला चिकाच्या काड्या सापडल्या. वडा-पिंपळाचा चीक उकळून बांबूच्या काड्यांना लावतात आणि फळं असतील तिथं खोचून ठेवतात. पाखरू बसलं की चिकटलं. मी एकेक काडी उपटून काढली, हात सगळे चिकट झाले. त्या हातांनीच मोबाइल काढला आणि वरिष्ठांना कळवलं. आम्ही पाळत ठेवली, माणूस काही सापडला नाही. आणि माझ्या डोक्यात एकच. याला काडीसुद्धा लागणार नाही. चीकवाला खाली उभा राहिला की हाच वरून म्हणणार, आओ जी, बैठो, आणि त्याच्या खांद्यावर बसणार. थवाही बिनघोर मागं उतरणार.

मुन्नीला परत पकडणं सोपं होतं. हात पुढं करायचा अवकाश, आला असता. पण मग जन्मभर पिंजरा. घास तोंडाशी जाईना. शेवटी खालांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या मला शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "मेरेकू पहचानेगा?"

"ओळखेल."

"मैं कल आती."

दौलताबादच्या फाट्यावर मी स्कूटी घेऊन उभी होते. खाला जीपमधून उतरल्या तर खाकेत हे एवढं मोठं गाठोडं. चादरीत घट्ट बांधलेलं. पिंजरा! दुसरं काय असणार? बाई त्याला न्यायला आलीय. अडवावं कसं? विचारावं तर अपमान, न विचारावं तर नोकरी. आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की नेऊ दे, निदान जिवंत तरी राहील. वाटभर त्यांचं गाठोडं माझ्या पाठीला टोचत होतं.

गणपतरावांच्या बांधावरच्या उंबराखाली खाला बसल्या. थवा वर होता, फळांचा सडा पडत होता. खालांनी वर बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "आओ जी, बैठो."

वरची कुजबुज थांबली. एक लाल डोकं पानांतून बाहेर आलं. मुन्नी फांदी-फांदीनं खाली उतरला आणि सरळ खालांच्या खांद्यावर बसला. ओढणीची किनार चोचीत धरली. खालांचे डोळे भरून वाहायला लागले, पण हात त्यांनी मांडीवरून उचलला नाही. मी गणपतरावांकडं बघितलं, गणपतराव जमिनीकडं.

मग खाला उठल्या. मुन्नी वरच्या फांदीवर गेला. त्यांनी गाठोडं सोडलं. आत पिंजरा नव्हता. एक जुनी रजई होती आणि कापूस झोडायची काठी.

"ये छड़ी की आवाज से इसका दम निकलता था," त्या मला म्हणाल्या. "घर में कभी मारी नै मैं इसके सामने. पीछे की गली में जाके झोडती थी. बच्चा डरता बोलके."

रजई त्यांनी बांधावरच्या बाभळीवर टाकली. पुन्हा म्हणाल्या, "आओ जी, बैठो." मुन्नी खाली झेपावला, अगदी हातभर अंतरावर आला, आणि खालांनी काठी हाणली. धाड! धाड! धाड! धुरळा उडाला, शिवण उसवली, कापूस बाहेर आला. मुन्नी जिवाच्या आकांतानं किंचाळला. सगळा थवा उधळला.

थोड्या वेळानं परतले. खालांनी पुन्हा हाक मारली. तो आला, पण वरच्या फांदीपर्यंतच. मान वाकडी करून बघत होता. आपलं काय चुकलं हे विचारल्यासारखा. खालांनी पुन्हा झोडपलं. ओरडल्या, "जा! जा मुए, जा!"

"अब तुम बोलो," त्या मला म्हणाल्या. "सिरफ मेरेसे डरके क्या फायदा?"

मी बोलले. खालांनी रजई झोडली. मग गणपतरावांची पाळी. ते लाजत लाजत म्हणाले, "आवो जी, बसा."

"बसा नै जी, बैठो!" खाला रडता रडता खेकसल्या.

"बैठो, बैठो," गणपतराव घाईनं म्हणाले. धाड! धाड!

खाला बरेच दिवस येत राहिल्या. सकाळी जीपनं यायचं, रजई झोडायची, दुपारच्या आत दुकान उघडायला परत. शेवटी शेवटी तर "आओ" एवढं ऐकलं की पहिला सावध आवाज मुन्नीचाच यायचा आणि त्याच्या मागं अख्खा थवा उठायचा. ज्या शब्दांनी तो सगळ्यांना बोलावायचा, त्याच शब्दांना भिऊन आता रान रिकामं व्हायला लागलं.

त्या दिवशी खालांनी काठी खाली ठेवली. "डरा ना?"

"लई भ्याला, खाला."

"मेरेसे भी?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"अल्हम्दुलिल्लाह," त्या म्हणाल्या आणि बांधावर सांडलेला कापूस वेचायला लागल्या. मी आणि गणपतरावांनी मदत केली.

त्यानंतर मुन्नी काही बोललेला कुणी ऐकला नाय. आणि इथूनच माझा खरा घोर सुरू झाला. थव्यात लाल डोकी पुष्कळ. पायात वळं नाही. बोलत नाही, जवळ येत नाही. तो आहे की गेला, हे कळणार कसं? खालांचा फोन यायचा, "आज बोला क्या?" मी म्हणायची, "नाय." त्या म्हणायच्या, "फिर ठीक है." पण ठीक आहे की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. कधीकधी झाडाखाली उभी राहिले की वाटायचं, एकदाच म्हणून बघावं, आओ जी. पहिला सावध आवाज कुणाचा येतो ते ऐकावं. जीव भांड्यात पडेल. पण तो भ्यायचा विसरला असला आणि खाली आला तर? मी ओठ दाबून पुढं जायची.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या थंडीत खाला पुन्हा आल्या. या वेळी गाठोडं लहान, त्यात भाकरी. आम्ही उंबरापासून लांब, पळसाच्या आडोशाला बसलो. थवा आला. टुई? टुई. फळं खाली पडत होती. एका म्हाताऱ्या सालईच्या ढोलीतून राखाडी डोकं बाहेर आलं आणि एक लाल डोक्याचा नर मान लववत, सरकत सरकत तिच्याकडं गेला. तिनं चोच उगारली, तो मागं आला, पुन्हा गेला. तिनं घास घेतला.

"वो है क्या?" खालांनी माझ्या कानात विचारलं.

"माहीत नाही, खाला."

त्यांनी ओढणीचा बोळा करून तोंडावर धरला. त्यांच्या ओठांवर काय येऊन थांबलंय, मला कळत होतं. त्या तशाच बसून राहिल्या. तेवढ्यात लांबून कुणीतरी शेळ्या हाकत आलं, माणसाचा आवाज झाला आणि थवा एकदम उठला, एकदम वळला. एकही मागं राहिला नाही. तो लाल डोक्याचाही नाही.

परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. बाकावर एकच जागा होती, ती मी खालांना दिली आणि उभी राहिले. मनात तेच चाललं होतं, दिलेली जबान पाळली की नाही, हे आता कोण सांगणार? खालांनी भाकरीचं गाठोडं बाकावरून उचलून मांडीवर घेतलं, अंग चोरून जरा बाजूला सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

"आओ जी," त्या म्हणाल्या, "बैठो."

मी बसले.